न ठेवलेल्या रोज्यांबद्दल

एका डॉक्टरशिवाय हे मी आजवर आपणहून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गावाकडे आईला नाही, आमच्या मशिदीच्या इमामांनाही नाही. गेल्या नऊ वर्षांत मी रमजानचा एकही रोजा ठेवलेला नाही.

एवढं लिहिलं आणि उठून दाराला कडी घालून आलो. घरात कोणी नाही. बायको भाजी आणायला गेलीय, मुलगी कॉलेजात आहे. तरी कडी घातली. पन्नाशी ओलांडलेल्या, डोक्यावर टोपी आणि हनुवटीला पिकलेली दाढी असलेल्या माणसाचं हे शौर्य. पुढचं वाचताना तेवढं ध्यानात ठेवा.

रोजा न ठेवणं हा माझा गुन्हा नाही. आजारी माणसाला आमच्या धर्मात सरळ सवलत आहे. बरा झालास की भरून काढ, आणि आजार कायमचा असेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घाल. त्याला फिद्या म्हणतात. इतकी स्वच्छ सोय आहे. मी ही सोय घेतली आणि घेतली नाही असं दाखवलं, हा गुन्हा. त्याची किंमत मी नाही, माझ्या धाकट्या भावाने मोजली.

पण आधी आजार. अबुधाबीजवळच्या मुसाफ्फात अवजड मशिनरीच्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळतो. फिल्टर, बेअरिंग, ऑइल सील, होज पाइप. दहा वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात मला झोपेची गरजच वाटेनाशी झाली. मला ती अल्लाहची मेहरबानी वाटली. रात्रभर नफल, म्हणजे जादाच्या नमाज पढायचो आणि सकाळी ताजातवाना कामावर. त्या भरात चार दिवसांत मी सगळं स्टोअर नव्याने लावलं. पूर्वी माल पार्ट नंबरप्रमाणे असायचा. मी तो, कुठला पार्ट कुठल्या पार्टच्या शेजारी सुखी राहील, या हिशेबाने लावला. पुढे चार महिने कुणाला हायड्रॉलिक होज सापडत नव्हता. तो मी ग्रीसच्या डब्यांमागे ठेवला होता, कारण ते दोघे एकमेकांना समजून घेतील असं मला मनापासून वाटलं होतं. मालकाला अकरा पानी पत्रही लिहिलं. कंपनी कशी चालवावी, यावर. मालक भला अरब माणूस. पहिलं पान वाचून म्हणाला, “हबीबी, यू नीड व्हेकेशन.”

सुट्टी न घेताच मी कोसळलो. महिन्याभरात अशी गत झाली की गाडी कंपनीच्या पार्किंगला लावायचो आणि दार उघडायला हात उचलत नव्हता. तास-तास तसाच बसायचो. जगू नये असं वाटायचं. आणि असं वाटतंय म्हणजे आपला ईमान सडला, मुसलमान माणसाला असं वाटूच कसं शकतं, म्हणून वर स्वतःला शिव्या. उपाय म्हणून नमाज दुप्पट केल्या. त्याने गुडघे दुखायला लागले, बाकी फरक नाही.

शेवटी एका दुपारी असरच्या नमाजेनंतर मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या मशिदीच्या इमामांजवळ गेलो. पेशावरकडचे, आडव्या बांध्याचे. मी खाली मान घालून म्हणालो, “मौलाना, ईमान कमजोर हो गया है. कुछ पढ़ने को बताइए.”

त्यांनी विचारलं, “नींद आती है?”

“नहीं.”

“खाना?”

“नहीं.”

“डॉक्टर के पास गए?”

“नहीं.”

“तो पहले उधर जाओ. पढ़ने को बाद में बताऊंगा. यल्ला.”

मी हिरमुसलो, खोटं कशाला बोलू. मला जपायला काहीतरी जबरदस्त वजीफा हवा होता आणि या माणसाने मला ओपीडीला पाठवलं. नंतर कधीतरी कळलं की त्यांनी माझा जीव वाचवला होता.

डॉक्टर हैदराबादच्या. डोक्यावर काळा हिजाब, टेबलावर पेन एकाच रेषेत मांडलेले. तीन भेटींत त्यांनी सांगितलं की या आजारात माणूस कधी फार वर जातो, कधी फार खाली, आणि याचं नाव अमुक आहे आणि त्यावर लिथियम नावाची गोळी आहे. गोळी चांगली आहे, पण नखरेवाली आहे. रक्तात कमी पडली तर काम करत नाही, जास्त झाली तर विष. पाणी भरपूर प्यायचं, वेळच्या वेळी. “और रोजा नक्को. बिल्कुल नक्को. समझे?”

मी म्हणालो, “डॉक्टर, हम लोग कोकन के हैं. हमारे में बारह साल का बच्चा भी पूरे तीस रखता है.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “कोकन वालों के गुर्दे अल्लाह ने अलग बनाए हैं क्या?”

गोळ्या घ्यायच्या ठरल्या. घरी काय सांगायचं हा प्रश्न आला. आमच्याकडे साखरेचा आजार अभिमानाने सांगतात, बायपास झाला तर टाके दाखवतात. पण ‘डोक्याची गोळी’ म्हटलं की खाडीच्या दोन्ही काठांवर बातमी जाते आणि मुलगी शाळेत असतानाच तिची स्थळं मोडतात. म्हणून मी बायकोला म्हणालो, बीपी आहे.

ती बिचारी त्याच दिवशी कामाला लागली. घरातलं मीठ कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं. तांदळाची भाकरी अळणी, कालवण अळणी. सुकट तर अशी धुवायची की तिला आपण कधी समुद्रात होतो याची आठवण राहू नये. मी गपचूप जेवायचो. बीपी माझं, निवड माझी.

दोन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर चमकल्या. लिथियम वर चढलं होतं. “नमक कम किया है आपने?”

“जी, वो घर में बीपी है.”

“किसको?”

“मुझको.”

“आपको बीपी नहीं है.”

“मालूम है. मेरी बीवी को नहीं मालूम.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश समजावलं की मीठ बंद केलं की शरीर लिथियम धरून ठेवतं, आणि तुमचं खोटं तुम्हाला शब्दशः मारू शकतं. मी घरी येऊन सांगितलं की बीपीची नवीन गोळी निघालीय, हिच्यात मीठ चालतं. बायकोने विज्ञानाला दुवा दिली. एका खोट्याला दुसऱ्याची काठी लावून मी उभा राहिलो आणि ठीक चालतंय असं समजलो.

मग पहिला रमजान आला. जून महिना, बाहेर भट्टी. बायको पहाटे सेहरीला उठून मला गरम भाकरी आणि दही वाढायची. मी रोज्याच्या संकल्पाची नियत करायचो तेव्हा ओठ हलवायचो, आतून शब्द काढायचे नाहीत एवढीच काय ती प्रामाणिकता. कामावर गेलो की दर दोन तासांनी पाणी. कुठे प्यायचं? दाढीवाल्या मुसलमानाने रमजानात चारचौघांत बाटली तोंडाला लावणं म्हणजे स्टोअरच्या काउंटरवर लेंगा सोडण्यासारखं. मग गाडी. काचेला चंदेरी सनशेड लावायचा, सीट मागे पाडायची आणि आडवं होऊन प्यायचं. आडव्याने पाणी पिणं सोपं नाही. निम्मं दाढीत जातं. बाहेर येताना दाढी ओली. लोक समजायचे मी नमाजेसाठी वुजू करून आलो.

एकदा गाडी सर्व्हिसिंगला होती. मी स्टोअरमध्येच मागच्या रॅकच्या आड गेलो आणि बाटली उघडली. वळून बघतो तर आमचा साताऱ्याचा अकाउंटंट, पत्र्याच्या टिनवर बसलेला, हातात पोळीचा घास. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

तोच आधी उठला. “सॉरी चाचा, चुकलं. तुमचा रोजा असतो, तुमच्यासमोर खाणं बरं नाही वाटत, म्हणून महिनाभर इथेच येऊन खातो.”

मी बाटली अर्धी वर धरलेली. सगळं पाणी डोक्यावर ओतलं. “काय उकडतंय,” म्हणालो.

“खरंच हो,” तो म्हणाला. तिथे एसी बावीसवर होता.

त्याने ते कधीच कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या टिनवर पाण्याची एक सीलबंद बाटली असायची आणि तो स्वतः जेवायला दुसरीकडे जायचा. आम्ही त्यावर एक शब्दही बोललो नाही. आजही नाही. मला त्याचा फार राग यायचा. माझं भलं करणाऱ्यांचा मला नेहमीच राग येतो, असं डॉक्टर म्हणतात.

फिद्याचं तर विचारूच नका. तीस गरिबांना जेवण द्यायचं होतं. मशिदीजवळ इफ्तारचा तंबू लागायचा, तिथे मी रोज एका माणसाच्या बिर्याणीची सोय केली, आणि मन खाऊ लागलं म्हणून एकाचे पाच केले. लोक म्हणाले, माशाल्ला, केवढा सखी, दिलदार माणूस! स्वतः एवढ्या उन्हात रोजा ठेवतो, वर रोज पाच जणांना जेवू घालतो. माझा दंड लोकांनी दान समजला. मी समजू दिला. दरवर्षी थोडं जास्तच समजू दिला.

असं करत-करत मी आमच्या रत्नागिरी-रायगडच्या मंडळींत रोज्यांवरचा जाणकार झालो. कुणाला ॲसिडिटी झाली, माझा फोन. सेहरीत काय खाल्लं की तहान कमी लागते, माझा फोन. मी सांगायचो, काकडी खा. तहानेवर मी नऊ वर्षं सल्ला दिला, बाटलीचं झाकण लावता-लावता.

आता भाऊ.

तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. बाप लवकर गेला, त्याचा खतना, शाळा, पासपोर्ट सगळं मी केलं. हमरिया फ्री झोनमध्ये एका फॅब्रिकेशन कंपनीत वेल्डर म्हणून मीच लावला. हात असा की त्याच्या वेल्डिंगची रेघ बघायला फोरमन दुसऱ्या पोरांना घेऊन यायचा. बायको-मुलं गावी, हा शारजात कंपनीच्या खोलीत. दर शुक्रवारी मला फोन.

दोन वर्षांपूर्वी फोन रोज यायला लागले. मग दिवसातून सात-आठ. तो गावच्या खाडीवर जेटी बांधणार होता, तिथून थेट शारजाला बोट सोडणार होता. मच्छी ताजी पोचेल, म्हणाला. झोपत नव्हता. मला ग्रीसच्या डब्यांमागचा होज आठवायला लागला. सहा आठवड्यांनी तो भिंतीकडे तोंड करून पडला. कंपनीतून फोन आला, मी जाऊन त्याला घरी आणला.

आईने गावाहून दुवा फुंकून दम केलेल्या पाण्याची बाटली आणि तावीज पाठवला, येणाऱ्या माणसाबरोबर. बाहेरचं काहीतरी लागलंय, म्हणाली. मला एका मिनिटात सांगता आलं असतं, आई, बाहेरचं नाही, घरातलंच आहे, हे बघ, मलाही आहे आणि मी चालतोय-फिरतोय. मी म्हणालो, “एक डॉक्टर आहे म्हणे चांगली. मित्राने सांगितलं.”

आणि त्याला माझ्याच डॉक्टरकडे नेलं. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नव्हता. काउंटरवरची मल्याळी मुलगी मला बघून हसली, “अंकल, टुडे यू हॅव नो अपॉइंटमेंट!”

भावाने माझ्याकडे बघितलं.

“चुकतेय ती,” मी हळूच म्हणालो. “दाढीवाले सगळे सारखे दिसतात त्यांना.”

आत डॉक्टरांनी त्याला सगळं विचारलं. मग म्हणाल्या, “घर में किसी को ऐसी तकलीफ है? वालिद, भाई, बहन?”

“नहीं,” भाऊ म्हणाला. “घर में सब पक्के हैं. मैं ही ऐसा निकला.”

डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. मी एसीच्या जाळीकडे बघत होतो. ती जाळी मला आजही काढून दाखवता येईल. अठरा पट्ट्या, एक वाकलेली.

बाहेर पडताना त्यांनी मला मागे थांबवलं. “मैं नहीं बताऊंगी. वो आपका काम है. लेकिन जल्दी कीजिए.”

“इन्शाल्ला,” मी म्हणालो. हा शब्द मी तिथे ज्या अर्थाने वापरला त्याची मला लाज वाटते.

त्याला तीच गोळी लागली आणि लागू पडली. कामावर गेला. रोजा नको, हे डॉक्टरांनी त्यालाही बजावलं. त्या वर्षी त्याने ऐकलं, पण कसं? खोलीत पाच जण, सगळे रोजेवाले. हा त्यांना उघड सांगायचा, माझी गोळी चालू आहे, मी ठेवत नाही. आणि पडदा लावलेल्या कॅफेटेरियात जाऊन जेवायचा. म्हणजे जे मला नऊ वर्षांत जमलं नाही ते त्याने पहिल्याच रमजानात केलं. मला कौतुक वाटायला हवं होतं. मी फोनवर म्हणालो, “जरा सांभाळून. सगळ्यांना कशाला सांगतोस?”

पुढचा रमजान म्हणजे गेल्या वर्षीचा. तो सुरू व्हायच्या आधी आमच्या मंडळींचा मेळावा झाला, एका हॉलमध्ये, दीडेकशे माणसं. मला भाषण करायला सांगितलं. विषय, रोजा आणि सबर. मी नाही म्हणायला हवं होतं. मी घरी आरशासमोर सराव केला.

आणि मी छान बोललो हो! दिवसभराच्या उन्हानंतर इफ्तारचा पहिला घोट कसा लागतो, घशातून छातीत कसा उतरतो, तेव्हा शरीर कसं अल्लाहचे आभार मानतं. बायका डोळे पुसत होत्या. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण टाळ्या पडल्या की माझ्यातला ग्रीसचे डबे लावणारा माणूस जागा होतो. मी म्हणालो, “लोक म्हणतात गोळ्या आहेत, कसा ठेवू? मलाही गोळ्या आहेत. नियत पक्की असेल तर गोळी सेहरीला सरकते आणि इफ्तारला सरकते.”

पहिल्या रांगेत भाऊ बसला होता, फोनवर रेकॉर्ड करत.

खाली पार्किंगमध्ये तो माझ्याजवळ आला. बायको बाजूला, मुलगी बाजूला, मंडळींतली चार माणसं हात मिळवायला थांबलेली.

“भाई, एक विचारू? मी पण सरकवू गोळी? दोन टायमाची तर आहे.”

नको. हा एक शब्द पुरला असता. पण वर दीडशे माणसांसमोर मी नुकतंच काय बोललो होतो? आता सगळ्यांदेखत त्याला नको म्हटलं तर का, हे सांगावं लागलं असतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “हिंमत असेल तर अल्लाह मदत करतो.”

“खलास,” तो हसत म्हणाला. “या वर्षी पूर्ण तीस.”

बारा झाले. उघड्या यार्डात वेल्डिंगचं काम, तोंडावर हेल्मेट, दिवसभर पाण्याचा थेंब नाही. डोकं दुखतं म्हणून इफ्तारनंतर पेनकिलर घ्यायचा. लिथियमवर पेनकिलर घेऊ नये, हे मला माहीत होतं, त्याच्या बहुतेक लक्षात नव्हतं. दहाव्या दिवशी पोट बिघडलं, तरी रोजा सोडला नाही. हात कापायला लागले. सोबतच्यांना वाटलं अशक्तपणा. तेराव्या दिवशी दुपारी बोलताना त्याची जीभ अडखळायला लागली आणि तो यार्डात खाली बसला तो उठला नाही. तीन दिवस आयसीयूत होता. दोनदा डायलिसिस करून रक्तातलं ते विष काढलं. मी काचेबाहेर उभा होतो, हातात पाण्याची बाटली, आणि पहिल्यांदाच चारचौघांत पीत होतो. कुणीही बघितलं नाही. नऊ वर्षं मी ज्या नजरांना घाबरलो त्या नजरांना दुसरी कामं होती.

शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काय म्हणावं?

“भाई, जमलं नाही रे. तुझ्यासारखा ईमान नाही माझा.”

नर्स सलाइन बदलत होती. मी म्हणालो, “झोप.”

हातांतला कंप गेला नाही. कमी झाला, गेला नाही. डॉक्टर म्हणतात, कधीकधी राहतो. वेल्डिंगची रेघ आता वाकडी जाते, म्हणून कंपनीने त्याला टूल रूममध्ये बसवलं. अवजारं द्यायची, परत घ्यायची, वहीत सही. सही करताना तो डाव्या हाताने उजवं मनगट धरतो. तोही आता स्टोअरवालाच. आम्ही दोघे भाऊ सारखे झालो, असं तो गमतीने म्हणतो.

डिस्चार्जनंतर तो महिनाभर आमच्याकडे होता. त्याच्या गोळ्या बदलल्या होत्या, जुन्या टाकून द्यायच्या म्हणून मुलगी पिशवी रिकामी करत होती. तिने एक पाकीट उचललं, किचनमधला माझा बीपीचा डबा उघडला आणि दोन पाकिटं शेजारी ठेवली.

“अब्बा, धिस इज नॉट फॉर बीपी.”

मी चहा ढवळत राहिलो. साखर घातलीच नव्हती.

“हाऊ लाँग?”

“नऊ वर्षं.”

ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता स्थळांचं निघेल, नाहीतर रडेल. तसलं काही नाही. या मुलांची जात वेगळी. म्हणाली, “सो यू डोंट फास्ट.”

“नाही.”

“दॅट्स ओके, अब्बा. यू आर नॉट सपोज्ड टू.” मग बाहेरच्या खोलीकडे मान वळवली. तिथे भाऊ टीव्हीसमोर ग्लास दोन्ही हातांनी धरून बसला होता. “डज चाचा नो?”

मी परत चहा ढवळायला लागलो.

“अब्बा. ही थिंक्स ही फेल्ड.”

तिने आईला सांगितलं नाही. ते माझ्यावर सोडलंय. बायकोला मी हे लिखाणच वाचायला देणार आहे. ती रडेल, पण त्याआधी मिठावरून भांडेल, आणि ते भांडण मला सोसेल.

भावाचं तसं नाही. गेल्या महिन्यात मी फक्त तेवढ्यासाठी हमरियाला गेलो. दीड तास गाडी चालवली, रस्ताभर वाक्य पाठ केलं. तो गेटवर घ्यायला आला. कॅन्टीनमध्ये बसलो. चहाचे कप त्याने आणू नयेत म्हणून मी उठलो, तर त्याने मला खाली बसवलं आणि कप स्वतः आणले. निम्मा चहा बशीत सांडलेला.

मी म्हणालो, “तुला एक सांगायचंय.”

“मला पण,” तो म्हणाला. “आधी मी. पुढच्या रमजानला परत बघणार आहे, भाई. गोळी आता वेगळी आहे. या वेळी आठ दिवसांपासून सुरुवात करतो, मग वाढवतो.”

“अजिबात नाही. डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलं नाहीस? तुझी किडनी...”

“तू ठेवतोसच ना?”

“माझी गोष्ट वेगळी.”

“तेच तर म्हणतो मी. वेगळी का? बाप एक, आई एक.” त्याने फोन काढला, कापऱ्या अंगठ्याने दोनदा चुकवत माझी क्लिप उघडली. त्या हॉलमधलं माझं भाषण. घशातून छातीत उतरणारा पहिला घोट. “आयसीयूतून आल्यापासून रोज एकदा ऐकतो. बरं वाटतं.”

माझाच आवाज त्या कॅन्टीनमध्ये घुमत होता. दोन बिहारी पोरं कौतुकाने वळून बघायला लागली. एकाने मला सलाम केला. मी सलाम घेतला. मग चहा संपवला, त्याला मिठी मारली आणि परत आलो. अबुधाबी येईपर्यंत मी गाडीत मोठ्याने स्वतःला शिव्या घालत होतो, तीन भाषांत. त्यातली एकही पुरेशी नव्हती.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी त्याला पुन्हा बजावीन, पण तो माझं ऐकणार नाही. तो ज्याचं ऐकतो तो माझ्यासमोर बसलाय. इमामांकडेही गेलो, भावाला तुम्ही समजवा म्हणून. त्यांनी फोनवर समजावलं, सवलत नाकारणं ही काही दीनदारी नाही, असं बरंच सांगितलं. भाऊ अदबीने जी-जी म्हणाला आणि नंतर मला फोन करून म्हणाला, “मौलाना रहमदिल आहेत. पण तू तर जगून दाखवतोस ना.”

म्हणजे दुसऱ्या कुणाकडूनही हे काम होणार नाही. मी किती जणांना पुढे करून बघितलं, तुम्ही वाचलंच. रमजान तीन महिन्यांवर आलाय आणि तो रोजे ठेवणार आहे, माझं बघून.

माझ्या नऊ वर्षांच्या रोज्यांचा फिद्या मी दिलेला आहे. तो हिशेब अल्लाहकडे आहे आणि मला त्याची भीती वाटत नाही. माझ्या भावाचा ईमान कधीच कमी नव्हता, खोटा मी होतो, हे त्याच्यासमोर बसून त्याच्या तोंडावर सांगण्याचं देणं मी त्याचं लागतो. ते मी अजून सांगितलेलं नाही.